सदर जनावर

आमच्या घरी न्याहारी कधी होणार हे चिमण्या ठरवतात. मामंजींचा नेम आहे. सकाळी मळ्यातल्या विहिरीवर आंघोळ करायची, अंगणातल्या सपाट दगडावर ओंजळभर ज्वारी टाकायची, आणि पाखरांनी ती टिपून संपवली की मगच तोंडात घास घालायचा. हा नेम त्यांच्या वडिलांपासून चालत आला आहे. मामंजींच्या आधी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खात नाहीत, आत्याबाईंच्या आधी मी, म्हणजे सुनेनं, खायचं नसतं, आणि माझी दोन वर्षांची सुभी अजून अंगावर पिते. म्हणजे मंगरूळपीरपासून दीड कोसावरच्या या घरात चार जणांची पोटं एका दगडाला बांधलेली आहेत. माझे घरचे, म्हणजे सुभीचे वडील, तेवढे सुटे. ते भाजीची गाडी घेऊन उजाडायच्या आत बाजाराला निघतात, आणि वाटेत काय खातात ते त्यांना कोणी विचारत नाही.

पूर्वी अडचण नव्हती. मामंजींचे पाय पुसून होईपर्यंत दगड साफ झालेला असायचा. दिवाळीनंतर मात्र पाखरं विरळ होत गेली. पौषात रस्त्यावरून सकाळची कारंजाची मोटार गेल्यावर न्याहारी, माघात ती मोटार परत आल्यावर. कावळे चालत नाहीत. कावळ्यांचा मान पितृपक्षात. एके दिवशी तर दोनच चिमण्या आल्या. एकीनं दोन दाणे उचलले, दुसरीनं तिच्याकडे पाहिलं आणि दोघी निघून गेल्या. उरलेली ज्वारी मुंग्यांनी नेली. मुंग्यांना पाखरं मानायचं की नाही यावर मामंजींनी संध्याकाळपर्यंत विचार केला, आणि मुंग्यांनाही कधीकधी पंख फुटतात असं ठरवून दिवेलागणीला भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांची नजर बुधीवर थांबली.

बुधी ही आमची मांजर. बुधवारी आली म्हणून बुधी. अंगावर राखाडी पट्टे, स्वभाव शांत, आणि एक कान कोणाशी तरी झालेल्या मतभेदात फाटलेला. सुभी तिची शेपटी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. बुधीलाही ते मान्य आहे, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नाही, पण ती उठून जात नाही, आणि माणसांतसुद्धा यापेक्षा जास्त माया मी फारशी पाहिलेली नाही.

"हिनंच खाल्ले पाखरं," मामंजी म्हणाले.

पुरावा म्हणून त्यांनी बाजेखालून एक पीस काढून दाखवलं. पीस काळं होतं आणि वीतभर लांब होतं. एवढी मोठी चिमणी अख्ख्या वऱ्हाडात नसेल. पण सुनेनं सासऱ्याच्या पुराव्याची लांबी मोजायची नसते, म्हणून मी चुलीत काटकी सारली.

बातमी कुंपणावरून शेजारच्या तुळसाबाईंकडे गेली आणि त्या हातातलं सूप तसंच घेऊन आल्या. तुळसाबाईंना जगातल्या प्रत्येक गोष्टीवरचा उपाय माहीत असतो, आणि तो त्यांच्या नात्यात कोणीतरी करून पाहिलेला असतो.

"मांजरीले मारू नोका बरं, बाप्पा," त्या म्हणाल्या. "मांजर मेली तं सोन्याची मांजर करून काशीले दान द्या लागते. माह्या मावससासऱ्याच्या हातून गाडीच्या चाकाखाली आली, तं थो बिचारा अजून सोनं पाहून राह्यला."

"मंग काय करावं?" आत्याबाईंनी विचारलं.

"घुंगरू बांधा. मांजर आली का पाखराले आवाज येते, पाखरू उडते. सोपं काम."

घरात घुंगरू होतं ते बैलाचं, पोळ्याला बांधायचं. ते बुधीच्या गळ्यात बांधल्यावर तिचं तोंड जमिनीला टेकलं आणि ती दोन दिवस एकाच जागी बसून राहिली. तेवढ्यात उंदरांनी कणगीच्या बुडाशी दरवाजा पाडला. तिसऱ्या दिवशी बुधी घुंगरासकट, अजिबात आवाज न करता चालायला शिकली. सुभीनं मात्र दुसरं घुंगरू स्वतःच्या गळ्यात मागितलं, आणि ते बांधेपर्यंत तिनं जो आवाज केला तो चिमण्यांनी ऐकला असणार. त्या दिवशी एकही आली नाही.

मग मामंजी स्वतः पहाऱ्याला बसले. दगडापासून दोन हातांवर, मांडीवर काठी आडवी घेऊन. काठी मांजरीसाठी होती. पण हे चिमण्यांना कळवायची काही सोय नव्हती.

आता मला एक गोष्ट लिहायला हवी, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

दिवाळीला मंगरूळला तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी सुरू झाली. त्याआधी आत्याबाई आणि मी कोंबडं आरवलं की जात्यावर बसायचो, आणि त्याच्या आदल्या दिवशी अंगणात ज्वारी पाखडायची, निवडायची, असा रिवाज होता. ज्वारीचं पोतं भाजीच्या गाडीवर घालून गिरणीला न्यावं, ही कल्पना माझी. ती मी घरच्यांच्या तोंडून आत्याबाईंना सुचवली. गिरणीवाल्याकडे मोठी चाळणी होती, तेव्हा पाखडायचंही काम उरलं नाही. पोतं जायचं ते पीठ होऊन यायचं.

आणि पहाटेचा एक तास मला मिळाला. लग्नानंतर मला मिळालेली ही पहिली वस्तू, जी कोणी मोजून दिली नव्हती. माझ्या भावानं दिलेली शंभर पानी वही मी कणगीमागे ठेवते. पहाटे घासलेटच्या चिमणीची वात लहान करून बसते. सुभी झोपेत तोंड हलवत असते, एक मूठ बुधीच्या शेपटीवर. मी लिहिते. तिला वरचा कोणता दात आला, ती ढगाला काय म्हणाली, तिच्या मानेला उन्हात तापलेल्या पिठासारखा वास का येतो. असल्या गोष्टी. त्यांचा कोणाला उपयोग नाही, म्हणूनच कोणीतरी लिहून ठेवायला हव्यात.

माघात सुभीचा नवस फेडायला मी मंगरूळच्या दर्ग्याला गेले होते. येताना गिरणीवरून पीठ घ्यायला थांबले. गिरणीच्या चाळणीवर, पोत्यांवर, उंबऱ्यावर, गिरणीवाल्याच्या टोपीच्या आसपास चिमण्याच चिमण्या होत्या. शंभर तरी असतील. त्यांत एक अर्ध्या शेपटीची होती. ती गेली दोन वर्षं आमच्या अंगणात यायची. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं ओळख दाखवली नाही.

तेव्हा मला सगळं कळलं. चिमण्या आमच्या पुण्यासाठी येतच नव्हत्या. त्या पाखडण्याच्या कणीला, कोंड्याला यायच्या, आणि वाटेत मामंजींची ओंजळ आटोपून जायच्या. पाखडणं गेलं, चिमण्या गेल्या.

घरी येईपर्यंत मी ठरवलं की सांगायचं. घरी आल्यावर ठरवलं की नाही सांगायचं. सांगितलं तर गिरणी बंद, जातं सुरू, वही कणगीमागे कायमची. नाही सांगितलं तर बुधी जाणार. सुभी आठ दिवस रडेल आणि मग उशीचं टोक धरून झोपेल, असा विचार मी केला. आईनं असा विचार करू नये. मी केला, म्हणून लिहिते.

इकडे मामंजींना नवी काळजी लागली होती. मांजर दूर सोडली आणि ती वाटेत मेली, तर सोन्याची मांजर कोणाच्या माथी? तीन दिवस उपाशीपोटी विचार करून त्यांनी मार्ग काढला.

"सरकारात अर्ज करू," ते म्हणाले. "सरकारचा हुकूम झाला का पाप सरकारच्या डोक्यावर. सरकारले सोन्याची मांजर जड नाई."

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात चौथी पास मीच. मामंजी दाराकडे पाठ करून सांगू लागले. मी 'मांजर' असं लिहायला घेतलं तर त्यांनी हात वर केला.

"थे नाव नोको लिहू. कामाच्या कागदात मांजर आडवी गेली तं काम होईन का?"

कामाला निघताना मांजर आडवी गेली तर आमच्याकडे जोडे काढून परत बसतात. म्हणून मी 'सदर जनावर' असं लिहिलं. आता वाचणाऱ्याला जनावर समजावं म्हणून वर्णन करणं भाग होतं, आणि इथे माझी लेखणी जरा सुटली हे मला कबूल आहे. 'सदर जनावराच्या अंगावर पट्टे असून चाल दबकी आहे. डोळे अंधारात अंगारासारखे दिसतात. ते दिवसा झोपते व पहाटे हिंडते. घरात लहान मूल असून जनावर त्याच्या अगदी जवळ येऊन बसते. मौजे मजकूरची पाखरे नाहीशी झाली आहेत.' वाचून दाखवलं तेव्हा मामंजींनी मान डोलावली. आजवर माझ्या लिखाणाला मिळालेली ही एकुलती एक दाद.

घरचे अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. कोणत्या ते लिहीत नाही, कारण त्यांचं तिथे अजून काम पडतं. आठ दिवसांनी विचारायला गेले, तेव्हा कारकुनानं वही उघडून दाखवली. उपद्रवी जनावरांच्या वहीत रकाने होते ते वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर आणि पिसाळलेलं कुत्रं. आमचा अर्ज पहिल्या रकान्यात होता.

"साहेब, वाघ नाई थो," घरचे म्हणाले. "मांजर हाय. घरची."

कारकुनानं वहीत पाहिलं, अर्जात पाहिलं, मग घरच्यांकडे पाहिलं.

"मांजरीचा रकाना आहे का?"

"नाई दिसत."

"मग? आणि एकदा नोंद झालेला वाघ खोडता येत नाही. फार तर शेऱ्यात 'लहान' लिहितो."

असा आमच्या बुधीचा वाघ झाला.

पुढच्याच आठवड्यात मानोऱ्याकडून बाबूसिंग नावाचा शिकारी घोड्यावरून आला. खांद्याला बंदूक, मिशा कानापर्यंत, खिशात हुकूम. गावातल्या लोकांनी आपापली वासरं आत बांधली. बाबूसिंग ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि त्यानं मामंजींना विचारलं, "पुंजाजी, शेर कुठं दिसला?"

"चुलीजवळ," मामंजी म्हणाले.

बाबूसिंगनं पाण्याचा गडवा खाली ठेवला. मग त्याला आत नेऊन जनावर दाखवण्यात आलं. ते सुभीच्या मांडीवर पालथं पडलं होतं आणि सुभी त्याच्या फाटक्या कानात काहीतरी सांगत होती. बाबूसिंगनं बराच वेळ पाहिलं. त्यानं खिशातून सुतळी काढून बुधीच्या पंजाचं माप घेतलं, ते दोन बोटं भरलं, आणि ते कागदावर लिहिलं. मोजायचं म्हणजे मोजायचं.

"आता मी असा वापस नाई जाऊ शकत," तो म्हणाला. "हुकूम म्हंजे हुकूम. बंदोबस्त करून रपोट द्या लागते. दोन दिवस राह्यतो, पाह्यतो."

तो राहिला. आमच्या घरी मांसमच्छी चालत नाही, असं आत्याबाईंनी आडून सांगितलं. तो म्हणाला, काही फिकीर नाही, मी आपलं गोठ्यामागे शिजवून घेईन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मामंजी काठी घेऊन दगडापाशी बसले होते आणि कितीतरी दिवसांनी पाच चिमण्या कुंपणावर येऊन खाली उतरायचा विचार करत होत्या, तेवढ्यात मळ्यात बंदुकीचा बार झाला. मग दुसरा. पाचही चिमण्या गेल्या. गावावरची पाखरं उठून तळ्यापलीकडे गेली. बाबूसिंग मळ्यातून आला तेव्हा त्याच्या हातात चार तित्तर होते आणि होल्यांची एक माळ होती.

"तुमच्या इकडं पाखरं मस्त हायत, पुंजाजी," तो म्हणाला. "कोन म्हन्ते कमी झाले?"

त्या दिवशी मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. घरात कोणी जेवलं नाही. सुभी दोनदा अंगावर लागली आणि दोनदा रडून बाजूला झाली, आणि मी तिला ज्वारीच्या लाह्या भिजवून भरवल्या. तिनं निम्म्या स्वतः खाल्ल्या आणि निम्म्या बुधीपुढे ठेवल्या. गोठ्यामागून फोडणीचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी पंचनामा. बाबूसिंग ओट्यावर कागद घेऊन बसला. पंच म्हणून तुळसाबाईंचे यजमान होते, आणि तुळसाबाई त्यांच्यामागे त्यांचं पंचपण सांभाळायला. घरचे बाजार चुकवून थांबले होते. आत्याबाई आणि मी दाराआड.

"तं लिहू का?" बाबूसिंग म्हणाला. "जनावरानं पाखरं खाल्ले, सबब हुकुमापरमाने गोळी घातली. पाप ना तुमाले, ना मले. सरकारले."

"एका गोळीत जाईन ना?" मामंजींनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक होता. वाईट माणूस नाहीत ते. भुकेले होते.

सुभी उंबऱ्यात बसली होती. बुधी तिच्या परकराच्या घेरात झोपली होती. सुभीनं बाबूसिंगकडे पाहिलं आणि ओठावर बोट ठेवून त्याला हळू बोलायला सांगितलं.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बाहेर आले. सासरच्या ओट्यावर पुरुषांसमोर मी त्याआधी पाण्याचा तांब्या ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मी मामंजींच्या पायांकडे पाहत बोलले.

"बुधीनं नाई खाल्ले. चिमन्या गिरणीवर हायत. म्या पाह्यल्या. आपलं पाखडनं बंद झालं, म्हून गेल्या. गिरणीचं माह्याच डोक्यातून निंगालं. थ्यायच्या डोक्यातून नाई."

मग तुळसाबाई म्हणाल्या, "मले तं वाटलंच होतं."

मामंजींनी घरच्यांकडे पाहिलं. घरच्यांनी छपराकडे पाहिलं, कारण बापाची नजर चुकवायला त्यांना तीच एक जागा माहीत आहे. पण त्यामुळे मामंजींनीही वर पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जुनी कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून टिनाचे पत्रे टाकले होते. गावातलं पहिलं टिन. कवेलू काढताना टोपलीभर घरटी निघाली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकली होती. मामंजी टिनाकडे पाहतच राहिले.

बाबूसिंगलाही आता काहीतरी आठवलं असावं. त्याची नजर गोठ्याकडे गेली. तिथे तित्तराच्या पिसांचा ढीग होता आणि वाऱ्यानं त्यांतली दोन-तीन पिसं ओट्याच्या पायरीशी आली होती. त्यानं एकावर हळूच जोडा ठेवला.

तेव्हा आत्याबाई दाराआडूनच बोलल्या. "मले पैल्या दिवसापासून मालूम होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?" मामंजी म्हणाले.

"माहे खांदे दुखतेत. तीस वरसं दळलं म्या. तुमी एक दिवस दळून पाहा, मंग इचारा."

बाबूसिंगनं दौतीत टाक बुडवला आणि बराच वेळ लिहिलं. मग पंचांना वाचून दाखवलं: 'जागेवर समक्ष तपास केला. वाघ लहान असून तो आपखुशीने निघून गेला. पाखरांबाबत गावकऱ्यांना समज दिली.' तुळसाबाईंच्या यजमानांनी अंगठा उठवला. बाबूसिंग घोड्यावर बसण्याआधी मामंजींच्या पाया पडला, का ते मला माहीत नाही, आणि उरलेले दोन होले न घेताच गेला.

निवाडा आत्याबाईंनी केला. जातं नाही, गिरणी चालू राहील. पण ज्वारी अंगणात पाखडून मगच पोतं गाडीवर चढेल. म्हणजे माझ्या तासातला अर्धा गेला. अर्धा राहिला. मामंजींनी टिनाच्या खाली, वळचणीला, दोन फुटकी मडकी आडवी बांधली, कोणाला न विचारता. पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी अर्ध्या शेपटीची आली, आणि जणू इथूनच कुठून तरी आल्यासारखी सुपाच्या कडेवर बसली. महिन्याभरात मामंजींची न्याहारी कारंजाच्या मोटारीच्या आधी होऊ लागली. आता ते काठी घेऊन बसत नाहीत. लांब, ओट्यावर बसतात आणि सुभीला दाणे टिपणाऱ्या चिमण्या मोजायला शिकवतात. सुभीला दोनपर्यंत येतं. तिच्या मते रोज दोन चिमण्या येतात.

बुधीवर मामंजींनी पुन्हा कधी शब्द काढला नाही. उलट परवा जेवताना त्यांनी दुधात बुडवलेला भाकरीचा कोर तिच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "मुक्या जनावरावर आळ घेनं बरं नाई."

आज सकाळी मी अंगणात पाखडत होते आणि आत्याबाई निवडत होत्या. मडक्यातली दोन पिल्लं पहिल्यांदाच बाहेर येऊन काठावर बसली होती. बुधी सुपाशेजारी उन्हात झोपली होती, निदान तसं दिसत होतं. मग ती एकदम तिथे नव्हती. परत आली तेव्हा तिच्या तोंडात एक मेलेलं पिल्लू होतं. तिनं ते माझ्या आणि आत्याबाईंच्या मध्ये आणून ठेवलं आणि कौतुकासाठी आमच्याकडे पाहिलं.

मामंजी विहिरीवरून निघाले होते. त्यांच्या खडावांचा आवाज येत होता. आत्याबाईंनी सुभीकडे पाहिलं. ती अजून आत झोपली होती, मूठ उघडी, रिकामी. त्यांनी पिल्लू पदराच्या टोकात उचललं.

"राख उकर वो लवकर," त्या म्हणाल्या.

मी चुलीच्या राखेत खड्डा केला. आत्याबाईंनी वर राख ओढली, मी त्यावर एक गोवरी ठेवली, आणि मामंजी अंगणात आले तेव्हा आम्ही दोघी ज्वारी पाखडत होतो.